माझ्या आवाजाची वाटणी

लिहून ठेवणार : श्रीमती रत्नप्रभा श्रीकृष्ण गावंडे, वय त्रेसष्ट, राहणार दारव्हा, जिल्हा यवतमाळ. व्यवसाय : पूर्वी दस्तनोंदणी कार्यालयात लिपिक, हल्ली बोक्याचे व्हिडिओ करणे.

कारणे हे मृत्युपत्र लिहून ठेवते की, माझी बुद्धी शाबूत आहे, स्मरण शाबूत आहे, माझ्यावर कोणाचा दाब नाही, आणि मला जबर धक्का बसलेला आहे. ही शेवटची गोष्ट मृत्युपत्रात लिहायची पद्धत नाही, हे मला ठाऊक आहे. नोकरीत अशी शेकडो मृत्युपत्रं माझ्या टेबलावरून गेली आणि एकातही असं वाक्य नव्हतं. पण मग ती लिहिणाऱ्यांना कोणी त्यांच्याच आवाजात बोलून दाखवलं नव्हतं. धक्का बसला म्हणजे डोकं फिरलं असं नाही, याबद्दल दारव्ह्याच्याच डॉ. भैरवी काळे यांचा दाखला सोबत जोडला आहे. कागद साधाच घेतला आहे. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही हे लोकांना सांगून सांगून माझा घसा बसला, तरी दर माणूस शंभराचा बाँड पेपर घेऊनच यायचा.

घरादाराचं, दागिन्यांचं काय ते खाली लिहिते. पण हा कागद मुख्यतः माझ्या आवाजासाठी आहे. मी जिवंत असताना तो माझ्या तोंडाबाहेर पडून परस्पर बोलू लागला. मी गेल्यावर त्याने काय बोलावं आणि काय बोलू नये, याचा बंदोबस्त मला आजच करायचा आहे.

कलम एक. घर. दारव्ह्यातलं राहतं घर, पुढच्या ओट्यासह आणि मागच्या अंगणासह, मुलगा चिरंजीव क्षितिज याच्या नावे. तो पुण्यात कंपनीत आहे, इथे राहायला येणार नाही, विकेल. विकू दे. फक्त अंगणातल्या सीताफळाच्या झाडाखालची जागा खोदायची नाही, आणि ही अट खरेदीखतात घालायची. घेणारा हसेल. त्याला सांगावं की तिथे नाझर आहे.

नाझर म्हणजे माझा बोका. पिवळा, कान फाटका, चेहरा कायम नाराज. माझ्या ओट्यावर येऊन बसला तेव्हा मी नुकतीच निवृत्त झाले होते आणि माझे यजमान वारून वर्ष व्हायचं होतं. पेन्शनचे कागद पसरून बसले होते, तर हा त्यांच्यावर येऊन असा बसला की जणू प्रत्येक कागदात त्याला त्रुटी दिसत होती. आमच्या तहसिलात एक नाझर, म्हणजे रोकड आणि हिशेब बघणारे अधिकारी, होते, त्यांची बसायची अगदी हीच तऱ्हा. म्हणून नाव नाझर. आणि त्याच्याकडे बघता बघता माझ्या तोंडून निघालं, "बाई, माह्या दुधाची फाइल तुमच्या टेबलावर कायले अडून राह्यली?"

शेजारची संगीता तेव्हा कुंपणापलीकडे होती. ती पोट धरून हसली आणि म्हणाली, "काकू, पुन्हा बोला, मी मोबाइलवर घेते." तो तेवढासा व्हिडिओ आधी आमच्या गल्लीच्या ग्रुपवर गेला, मग दारव्ह्यात, मग कुठे कुठे. पुढे चॅनेल काढलं, 'नाझर साहेबांचे कार्यालय'. बाजाराच्या दिवशी जीपवाले मला थांबवून विचारू लागले, "बाई, साहेब हाय का घरी? माहा अर्ज द्याचा होता." अमेरिकेतून एका बाईंनी लिहिलं की बोक्याचं ऐकून त्यांना त्यांच्या आजीची आठवण आली. मी ते दोनदा वाचलं आणि त्या दिवशी जेवण गेलं नाही.

हे इथे का लिहिते, तर माझा आवाज म्हणजे काय हे कळावं म्हणून. मी ढाणकीची, शेतकऱ्याची मुलगी. मले, तुले, काहून, कायले हीच माझी भाषा. लग्न होऊन दारव्ह्याला आले तर यजमान शाळेत मराठीचे शिक्षक. माणूस चांगला, पण कानाचा हळवा. मी 'मले' म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी पडे. "रत्ना, घरात मूल आहे," एवढंच म्हणत. मग मी घरात शुद्ध, ऑफिसात शुद्ध, आणि क्षितिजशी तर पुस्तकातल्यासारखी बोलले. माझी बोली मी फक्त ढाणकीला फोन लावला की बाहेर काढायची. ती पुन्हा रोजच्या वापरात आली ती नाझरमुळे. बोक्याला कोण शुद्धलेखन शिकवणार?

कलम दोन. बँकेतली ठेव आणि पेन्शनची शिल्लक नात स्पृहा हिच्या शिक्षणासाठी. वारस म्हणून नाव आधीच लावलेलं आहे, त्यामुळे इथे जास्त लिहीत नाही.

कलम तीन. पोत, पाटल्या आणि मोत्याच्या कुड्या सून सौ. सुरभी हिला. हे सगळं झाल्यावर तिने मला बाजूला घेऊन सांगितलं की, "आई, मी त्यांना नको म्हणत होते." माझा तिच्यावर विश्वास आहे. पण नको म्हणत होतीस तर मला एक फोन करायचास, एवढं कुड्या घालताना तिने आठवावं.

कलम चार. मोबाइलचा स्टँड, कॉलरला लावायचा माईक, नाझरचं छोटं टेबल आणि 'आवक' असं लिहिलेला लाकडी शिक्का संगीताला. मी दवाखान्यात असताना तिनेच त्याला जपलं. जिला काही मिळतं तिने साक्षीदार राहू नये असं मी जन्मभर लोकांना सांगितलं, म्हणून तिची सही खाली नाही. नाहीतर पहिली सही तिचीच असती.

कलम पाच. राग. हेही मालमत्तेतच धरावं, कारण सांभाळायला मेहनत लागली. व्हिडिओखाली नेमाने 'कृपया प्रमाण मराठीत बोलावे' असं लिहिणाऱ्या सदाशिव पेठेतल्या गृहस्थांना मी माफ केलेलं नाही, आणि ते माझे सगळे व्हिडिओ बघतात हे मला माहीत आहे. माझ्या नणंदेने लग्नाच्या पंगतीत 'वहिनी म्हातारपणी मांजर नाचवते' असं म्हटलं, तिला मात्र माफ केलं, कारण नंतर तिनेच नाझरसाठी स्वेटर विणून पाठवला. त्याने तो दातांनी उसवला. नणंदेचा आणि माझा हिशोब चुकता.

कलम सहा. आवाज आणि चॅनेल.

यंदाचा दसरा झाल्यावर माझं यवतमाळला पोटाचं ऑपरेशन झालं. पुढे संसर्ग झाला आणि काही दिवस मी श्वासाच्या यंत्रावर होते, मला कसलीच शुद्ध नव्हती. क्षितिज पुण्याहून आला आणि राहिला. हे त्याने मनापासून केलं, त्यात खोट नाही. शुद्धीवर आल्यावर माझा जीव रमेना, तर त्याने मोबाइल हातात दिला. म्हणाला, "बघ, नाझर तुझी वाट बघतोय." चॅनेलवर नवे व्हिडिओ आले होते. नाझर ओट्यावर बसलेला, नाराज, आणि माझ्या आवाजात बोलत होता. मला वाटलं, जुनी रेकॉर्डिंग लावली असतील. मी त्या खाटेवर पडून हसले. टाके दुखले तरी हसले. परिचारिकांना बोलावून दाखवलं.

एका व्हिडिओत तो म्हणाला, "आई, तू कवा येशीन?"

मी दचकले. नाझर मला आई म्हणत नाही. तो मला 'बाई' म्हणतो आणि 'तुम्ही' म्हणतो, कारण तो साहेब आहे आणि मी लिपिक. हे वाक्य मी कधी बोललेलीच नव्हते. क्षितिजला विचारलं तर म्हणाला, "तुला औषधांची गुंगी आहे, झोप." मी झोपले. मला ते खरं वाटलं, याचं मला आजही नवल वाटतं.

घरी आले तो दिवस लिहिते. संगीता दारात भाकरतुकडा घेऊन उभी होती. तिने ओवाळून टाकला आणि माझ्या पाया पडताना रडायला लागली. मला वाटलं, मी वाचले म्हणून रडते. मी ओट्यावर उभी राहून हाक मारली, "नाझर." कोणी आलं नाही. तेवढ्यात हातातला मोबाइल वाजला. नवा व्हिडिओ. उघडला, तर नाझर याच ओट्यावर, जिथे मी त्या क्षणी उभी होते तिथेच बसला होता. आणि म्हणत होता, "आली वं माही आई, आली." मी मोबाइलकडे बघितलं, खाली फरशीकडे बघितलं, पुन्हा मोबाइलकडे. फरशी रिकामी होती. मी तिथेच पायरीवर बसले.

मग संगीता म्हणाली, "काकू, साहेब तं कवाचे गेले. तुम्ही दवाखान्यात गेल्या आन् त्यानं खाणंच सोडलं. डॉक्टर आणला, सलाइन लावली, नाही झालं. झाडाखाली ठेवला मी त्याले. क्षितिजदादा म्हणे, काकूले सांगू नका."

म्हणजे मी खाटेवर पडून हसत होते तेव्हा तो मातीत होता. ते चित्र मशीनने काढलेलं. तो आवाज मशीनचा. क्षितिजने माझे एवढे व्हिडिओ मशीनला ऐकवले आणि ते माझ्यासारखं बोलायला शिकलं. क्षितिज मोबाइलमध्ये बोलायचा आणि बाहेर मी बोलायचे. लाखो लोकांनी ऐकलं, एकालाही कळलं नाही. प्रमाण मराठीवाल्यांनासुद्धा नाही.

मी क्षितिजला विचारलं, का केलंस. तो म्हणाला, "डॉक्टर म्हणाले होते, आईंना धक्का नको. मी काय करणार होतो?" मग टाके दाखवायला गेले तेव्हा मी त्या सर्जनबाईंना म्हटलं, तुमच्या एका वाक्याने माझ्या घरात काय काय झालं. त्या गोंधळल्या. म्हणाल्या, "अहो मावशी, मी म्हटलं होतं की यांना धक्का लागू देऊ नका. टाक्यांना. जीपने नेऊ नका, कोणी आदळू देऊ नका. मांजराचं सांगू नका असं मी कशाला म्हणेन?"

धक्का लागणं वेगळं आणि धक्का बसणं वेगळं. मराठीच्या शिक्षकाच्या मुलाला हा फरक ऐकू आला नाही. घाबरलेल्या माणसाच्या कानात शब्द नीट शिरत नाहीत, हे मी समजते. पण एका शब्दाच्या घोळावर माझ्या मेलेल्या बोक्याला उठवून त्याच्या तोंडी माझा आवाज घातला गेला. आणि चूक कळल्यावरही क्षितिज म्हणाला, "आता थांबवून काय उपयोग? लोक खूश आहेत. तू नसलीस तरी हे चालू राहील आई. तू राहशील." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तो मला कायमची ठेवायला निघाला होता.

तेव्हा याद्वारे स्पष्ट करते की, माझा आवाज मी कोणालाही देत नाही. मुलाला नाही, नातीला नाही, कंपनीला नाही. तो माझ्याबरोबर जाईल. मशीनमध्ये जो भरून ठेवला आहे तो पुसावा आणि पुसल्याचं व्यवस्थापकांनी डोळ्यांनी बघावं. या मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारे व्यवस्थापक म्हणून आमच्या कार्यालयाबाहेर बसणारे दस्तलेखक श्री. शंकरसिंग राठोड यांना नेमते. नाझर वारल्याचा व्हिडिओ मी उद्या स्वतः टाकणार आहे, शुद्ध मराठीत नाही, आमच्या बोलीत. तो टाकण्याआधी माझं काही झालं, तर राठोडजींनी हे कलम जसंच्या तसं तिथे वाचून दाखवावं. माझे जुने, खरे व्हिडिओ राहू द्यावेत. दवाखान्याच्या काळातले सगळे काढावेत.

आवाजाची अशी तजवीज कायद्यात बसते का, मला माहीत नाही. आमच्या नमुन्यात स्थावर आणि जंगम असे दोनच रकाने होते. राठोडजी म्हणाले, "बाई, आवाज म्हंजे जंगमच की." म्हणून जंगम धरला आहे.

कलम सात. हे कलम कालपरवापर्यंत या कागदात नव्हतं.

माझी आई, श्रीमती तानाबाई, ढाणकीला माझ्या भावाकडे असते. नव्वदीला टेकली आहे, डोळ्यांनी दिसत नाही, कान मात्र तिखट. तिला माझ्या आजारपणाचं कोणी कळवलं नव्हतं, कळवू नका असं मीच सांगून ठेवलं होतं. परवा फोन लावला. दम लागत होता म्हणून थोडकंच बोलले. तर ती म्हणाली, "आज काहून तुटक बोलून राह्यली वं? मांगच्या महिन्यात तं लय मायेनं बोले. रोज इचारे, माय जेवली का, गोळी घेतली का, झोप लागते का. मी म्हटलं, रत्नीले आता मायची किंमत कळली."

मागच्या महिन्यात मी यंत्रावर होते.

मी फोन ठेवला. मग क्षितिजला लावला आणि एवढंच विचारलं, "आजीशी कोण बोललं?" तो म्हणाला, "ती रोज फोन करत होती. तू उचलला नसतास तर तिला कळलं असतं. मी तुझ्या आवाजात बोललो." मी म्हटलं, तुझ्या आवाजात का नाही बोललास. तर माझा पोरगा म्हणतो, "माझ्या आवाजात मला तिच्याशी बोलताच येत नाही आई. काय बोलू तेच कळत नाही. तुझ्या आवाजात बोललो की आपोआप यायचं. जेवली का, झोपली का. मला ते आवडायला लागलं होतं."

मग मला तो व्हिडिओ आठवला. आई, तू कवा येशीन. ते बोक्याचं नव्हतं आणि मशीनचंही नव्हतं. माझा मुलगा दवाखान्याच्या बाहेर बाकड्यावर बसून मोबाइलमध्ये बोलत होता. मला हे तोंडावर विचारायची त्याची हिंमत झाली नाही, कारण आम्ही घरात कधी असं बोललोच नाही. मला हा सगळ्यात मोठा धक्का आहे, आणि तो कोणालाच चुकवता आला नसता.

आई माझ्याआधी गेली, तर हे कलम रद्द समजावं. मी आधी गेले, तर यापुढचं क्षितिजसाठी आहे, आणि ते मी लिपिकाच्या भाषेत लिहू शकत नाही.

क्षितिज, मी गेले की आजीला फोन करायचा नाही. माझ्या आवाजात नाही, कोणाच्याच आवाजात नाही. मामाला सांगायला लावायचं नाही. गाडी काढ. दिग्रस, पुसद, उमरखेड करत ढाणकीला जा. ती अंगणात बाजेवर असेल. तिला तुझा आवाज नीट ओळखू येणार नाही, कारण तिने तो फार ऐकलेला नाही. नाव सांग. हात हातात घे. आणि सांग, "आजी, रत्नी गेली." तिच्याच बोलीत सांग. अडखळलास तरी चालेल, चुकलास तरी चालेल. ती तुझी चूक काढणार नाही. ती विचारेल, कशी गेली, मग इतके दिवस काहून नाही सांगितलं. जे असेल ते खरं सांग. मग ती रडेल, मोठ्याने रडेल, आणि तुला वाटेल की आता उठून बाहेर जावं, एखादा फोन आल्यासारखं करावं. उठू नकोस. ती तुला 'पोरा' म्हणून हाक मारेपर्यंत तिच्याजवळ बसून राहा.

एवढंच माझं म्हणणं आहे. यापूर्वी केलेलं माझं कोणतंही मृत्युपत्र नाही. हा कागद मी दोन्ही साक्षीदारांसमोर पहिल्या ओळीपासून इथपर्यंत माझ्या तोंडाने मोठ्याने वाचला, त्यांनी तो ऐकला, आणि वाचणारी मीच होते याची त्यांनी खात्री करून घेतली. त्यानंतर मी त्यांच्यासमोर सही केली आणि त्यांनी माझ्यासमोर केली.

ठिकाण : दारव्हा, जिल्हा यवतमाळ
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२५

लिहून ठेवणार
(सही) रत्नप्रभा श्रीकृष्ण गावंडे

साक्षीदार
१. (सही) शंकरसिंग राठोड, दस्तलेखक, दारव्हा
२. (सही) डॉ. भैरवी काळे, दारव्हा. सही करणाऱ्या बाईंची नाडी तपासली, त्या पूर्ण शुद्धीत होत्या. वाचताना कलम सातपाशी त्या थांबल्या, पाणी प्यायल्या आणि पुढे स्वतःच वाचलं.